"मग तो काय म्हणाला?" : मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्यांना खुलं पत्र

सर्व प्लेसमेंट अधिकारी, सॉफ्ट स्किल्सचे प्रशिक्षक आणि मुलाखतीचे क्लास चालवणारे यांस,

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण तुमचं काम मला वरचेवर भेटतं. मी टेबलाच्या पलीकडे बसते. उमेदवार आत येतो, बसतो, पाणी नको म्हणतो. मी विचारते, "टीममध्ये कुणाशी मतभेद झाले, अशी एखादी वेळ सांगा." तो एक श्वास घेतो आणि मग तुम्ही बोलायला लागता. आवाज त्याचा असतो, वाक्यं तुमची.

एका दिवसाची गोष्ट सांगते. सकाळपासून एकाच तुकडीतली चार मुलं आली. पहिल्याने सांगितलं: शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, चौघांचा गट होता, एक जण काम करत नव्हता. मी त्याला बाजूला घेतलं, त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, त्याच्या घरी अडचण आहे असं कळलं, मग त्याचं काम आम्ही वाटून घेतलं आणि प्रोजेक्ट वेळेत पूर्ण झाला. छान. दुसऱ्या मुलीनेही हेच सांगितलं, फक्त काम न करणाऱ्याच्या जागी काम न करणारी होती. तिसऱ्याने सुरुवात केली तेव्हा माझ्या शेजारच्या सहकाऱ्याने पेन खाली ठेवलं. मी मुलाला पूर्ण बोलू दिलं आणि विचारलं,

"मग तो काय म्हणाला?"

"कोण, मॅम?"

"तोच, काम न करणारा. तुम्ही बाजूला घेतलंत तेव्हा त्याचं पहिलं वाक्य काय होतं?"

मुलगा गप्प. कपाळावर घाम. तो आठवत नव्हता, शोधत होता, आणि या दोन्हींतला फरक समोरच्या माणसाच्या डोळ्यांत दिसतो. शेवटी म्हणाला, "सॉरी मॅम."

मुलाखत तिथे संपल्यातच जमा होती. जाता जाता सहज म्हणून मी त्याच्या बायोडेटातल्या शेवटच्या ओळीबद्दल विचारलं. एका गोदामात सहा महिने रात्रपाळी केल्याचं लिहिलं होतं. "तिथे काय करायचात?" तर म्हणाला, मालाच्या नोंदी. आणि मग त्याचा आवाजच बदलला. नोंदवहीतला आकडा आणि प्रत्यक्ष खोकी यांचा मेळ बसत नव्हता. सुपरवायझर म्हणायचा, रात्रीची पोरं झोपा काढतात. याने स्वतःच्या एका वहीत चार रात्री वेगळी नोंद ठेवली. परत आलेला माल दिवसपाळीवालेही जमा धरायचे आणि रात्रपाळीवालेही, हे त्यातून निघालं. अकरा खोकी दोनदा मोजली गेली होती. वही दाखवायला गेला तर सुपरवायझर म्हणाला, "तू मोजणी करायला आलायस की चौकशी करायला?" दोन दिवस त्याने काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी पाळी बदलताना दिवसपाळीच्या कारकुनासमोरच वही उघडली.

मी पेनचं टोपण पुन्हा काढलं.

मतभेदाचं उत्तर त्यात होतं. पुढाकाराचं होतं. माहितीवरून निष्कर्ष काढण्याचं होतं. वरिष्ठाने झिडकारल्यावर माणूस काय करतो, तेही होतं. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, "सरांनी सांगितलं होतं, गोदामाचं वगैरे नको सांगू, इम्प्रेशन चांगलं पडत नाही."

ते सर म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी. म्हणून हे पत्र.

तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. साठ मुलांची तुकडी, हातात दोन आठवडे, आणि वरून किती जण लागले याचा हिशोब मागणारं व्यवस्थापन. अशा वेळी पन्नास प्रश्न आणि पन्नास उत्तरांची फाइल वाटणं सोपं पडतं. पण ही मुलाखत तुम्ही तोंडी परीक्षा समजून शिकवता. ती आहे साक्ष. साक्षीदाराला वकिलाने पढवलं की उलटतपासणीत काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हे प्रश्न आले कुठून, ते पाहिलं तर माझं म्हणणं जास्त पटेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जॉन फ्लॅनागन हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकी लष्कराच्या हवाई दलासाठी काम करत होते. १९४१ मध्ये वैमानिक प्रशिक्षणातून बाहेर काढलेल्या १००० उमेदवारांची कारणं तपासली गेली. शेरे काय होते? उड्डाणाची उपजत क्षमता नाही. स्वभाव अयोग्य. निर्णयशक्ती कमी. प्रगती अपुरी. म्हणजे हजार माणसं नापास झाली आणि विमानात नेमकं काय घडलं ते कुठेच नीट लिहिलेलं नव्हतं. म्हणून पुढे विशेषणं बाजूला ठेवून प्रसंग गोळा करायचं ठरलं: काय घडलं, त्या माणसाने काय केलं, त्याने काम साधलं की बिघडलं. १९५४ मध्ये फ्लॅनागन यांनी ही पद्धत 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये सविस्तर मांडली. आजच्या 'अशी एखादी वेळ सांगा' या प्रश्नाचं एक मूळ तिथे आहे.

आणि तुम्ही मुलांना काय शिकवता? 'मी टीम प्लेयर आहे', 'मी प्रॉब्लेम सॉल्व्हर आहे'. जी विशेषणं नकोत म्हणून हा प्रश्न जन्माला आला, तीच पुन्हा मुलांच्या तोंडात कोंबता.

पुढे १९८२ मध्ये टॉम जॅन्झ यांनी अशा प्रसंग विचारणाऱ्या मुलाखतीची मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीशी तुलना केली, तेव्हा प्रसंगवाली सरस ठरली. अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांची फेरमांडणी केली. ठरलेले प्रश्न आणि ठरलेली गुणपद्धती असलेल्या मुलाखतीचा नंतरच्या कामगिरीशी संबंध ०.४२ निघाला, मोकळ्या मुलाखतीचा ०.१९. एक म्हणजे अचूक भाकीत, शून्य म्हणजे अंदाजपंचे. ०.४२ काही देवाचा कौल नव्हे. आम्हीही भरपूर चुकतो. पण ०.१९ पेक्षा बरं, म्हणून कंपन्या याच वाटेने जातात. ॲमेझॉनने तर आपली १६ नेतृत्वतत्त्वं उघड जाहीर करून ठेवली आहेत आणि उमेदवारांना त्यांच्याच आधारे तयारी करायला सांगते. पेपर फुटलेलाच आहे म्हणा. तरी लोक नापास होतात, कारण प्रश्न माहीत असून भागत नाही, उत्तर जगलेलं लागतं.

आता आमच्या बाजूला काय चालतं ते सांगते. माझ्यासमोर एक तक्ता असतो. प्रत्येक प्रश्न एकेका गुणाला बांधलेला. समोर एक ते पाच आकडे, आणि प्रत्येक आकड्याखाली कसं वागणं म्हणजे किती गुण याचं वर्णन. मतभेदाच्या प्रश्नात एक गुण म्हणजे साधारणपणे 'वाद टाळला किंवा दुसऱ्यावर ढकलला'. पाच म्हणजे 'समोरच्याचं म्हणणं नीट मांडून दाखवलं, स्वतःचं मत पुराव्यानिशी बदललं किंवा टिकवलं, आणि नंतर त्याच माणसाबरोबर काम केलं'. मी ऐकते आणि लिहिते. लिहिण्यासारखं असतं ते फक्त क्रियापद. 'वही ठेवली.' 'दोन दिवस थांबला.' 'कारकुनासमोर उघडली.' 'संवादावर माझा विश्वास आहे' हे कुठल्या रकान्यात लिहू? पाऊण तासात असे चार, फार तर पाच प्रश्न होतात. त्यातला एक जरी कोरा गेला तरी तो भरून काढायला जागा उरत नाही.

परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम हा तुमचा लाडका 'स्टार'चा साचा वाईट नाही. पण मुलं त्याचे चार सारखे तुकडे करतात. खरं तर पहिल्या दोघांना मिळून तीन-चार वाक्यं पुरतात. दोन मिनिटांच्या उत्तरात दीड मिनिट कंपनीची रचना, प्रोजेक्टचं नाव आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती सांगण्यात गेलं, तर कृतीला उरतं एक वाक्य, आणि ते असतं 'मग आम्ही ते सोडवलं'.

हे 'आम्ही' जरा थांबून पाहू या, कारण मराठीत विचार करणाऱ्या मुलांची खरी अडचण इथे आहे आणि तुमच्या फाइलमध्ये तिचा उल्लेखही नसतो. आपली भाषा कर्त्याला पडद्याआड ठेवायला फार सोयीची आहे. 'ते राहून गेलं.' 'मग तसं ठरलं.' 'रिपोर्ट पाठवण्यात आला.' 'माझ्याकडून चूक झाली' यातसुद्धा चूक आपली आपण होते, मी नुसता तिच्या वाटेत उभा असतो. आणि 'आपण' तर त्याहून गोड. 'मग आपण काय केलं, सरळ मॅनेजरकडे गेलो.' या 'आपण'मध्ये मीसुद्धा ओढली जाते, मी तर तिथे नव्हते! मुलाखत कुठल्याही भाषेत असो, मूळ वाक्यात हरवलेला कर्ता भाषांतरात सापडत नाही.

यामागे आपलं वळणही आहे. स्वतःची पाठ स्वतः थोपटू नये हे लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यामुळे 'मी केलं' म्हणताना चांगल्या मुलांची जीभ अडखळते आणि आगाऊ मुलांची अडखळत नाही. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि मला त्याचा राग येतो. मुलांना सांगा, 'मी' म्हणणं ही फुशारकी नव्हे, कामाची वाटणी आहे. 'डिझाइन तिचं होतं, चाचणी मी केली, आणि चाचणीत जे निघालं ते तिला सांगायचं कामही माझ्याकडे आलं.' इतरांचं श्रेय त्यांना दिलं की स्वतःचा 'मी' आपसूक स्वच्छ उमटतो. वर्गात एक उद्योग करून घ्या: मुलाचं उत्तर फोनवर रेकॉर्ड करा, लिहून काढा, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, "कोणी?" पहिल्या खेपेला निम्म्या रेघांना उत्तर मिळणार नाही.

काळाकडेही लक्ष असू द्या. मी भूतकाळातली एक वेळ विचारते आणि उत्तर येतं, 'मी नेहमी सगळ्यांना विश्वासात घेतो.' सवय सांगणारा हा वर्तमानकाळ आम्हाला लगेच ऐकू येतो. तसंच 'अशा वेळी मी असं करेन'. 'काय कराल?' असे काल्पनिक प्रश्नही असतात, ते निराळे. पण 'काय केलंत?' ला 'करेन' हे उत्तर होत नाही.

आता प्रसंग शोधायचे कसे? 'नेतृत्वाचा प्रसंग सांगा' म्हटलं की मूल कोरं होतं आणि मित्राचा प्रसंग उसना घेतं. नेतृत्व वगैरे शब्द दारातच ठेवा. उलट बाजूने विचारा. गेल्या दोनतीन वर्षांत कुठल्या रात्री झोप आली नाही? कुणाशी बोलायचं तुम्ही आठवडाभर टाळत होतात? तुमच्यावर कोण चिडलं होतं, आणि त्याचं थोडं बरोबर होतं असं कधी वाटलं? कुणी सांगितलं नसताना काय दुरुस्त केलंत? कुठलं काम अर्धवट सोडलंत? यातून सातआठ प्रसंग निघतात. नोकरीचा अनुभव नसलेल्यांचेही निघतात: शिकवण्या, घरातलं आजारपण सांभाळणं, स्पर्धेसाठी उभा केलेला आणि फसलेला संघ, सुट्टीतली कामं. अनुभव छोटा असला तरी चालतो, निर्णय त्याचा स्वतःचा हवा. मग एकेक प्रसंग हातात घेऊन बघा, तो कुठकुठल्या प्रश्नाला लागू पडतो. गोदामाचा एकच प्रसंग चार प्रश्नांना पुरला असता. अर्थात एकाच मुलाखतीत चारही वेळा तोच वापरू नये, एवढं सांगायला विसरू नका.

प्रसंग सापडला की तो लिहून काढू नका. खरंच सांगते, लिहू नका. लिहिला की तो पाठ होतो, आणि पाठ झालेल्या उत्तराला मध्ये अडवलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. एका चिठ्ठीवर पाचसहा शब्द पुरेत: वही, चार रात्री, अकरा, झिडकारलं, कारकून. या शब्दांना धरून दर वेळी वेगळ्या वाक्यांत सांगू द्या. आज सांगितलं तसं उद्या सांगता आलं नाही तर बिघडत नाही; घटना तीच राहिली पाहिजे. हल्ली चॅटबॉटकडून लिहून घेतलेली उत्तरंही येतात. ओळखण्यात विशेष हुशारी लागत नाही. प्रत्येक अडचण सौजन्याने सुटते आणि कुणाचंच बोलणं आठवत नाही.

मग जोडीजोडीने बसवा आणि ऐकणाऱ्याला खोदायला लावा. आम्ही हेच विचारतो: दुसरा काय पर्याय होता? तो का सोडलात? त्या माणसाला आज विचारलं तर तो हेच सांगेल का? पुन्हा तशी वेळ आली तर काय वेगळं कराल? हा आकडा कुठून आला? आकड्यांचं तर विचारू नका. ज्याची त्याची कार्यक्षमता ३० टक्क्यांनीच वाढलेली असते. वाढली असेलही, पण आधीची कुणी मोजली होती? मोजलं नसेल तर 'मोजलं नाही, पण त्यानंतर महिनाभर तक्रारीचा एकही फोन आला नाही' हे वाक्य माझ्या तक्त्यात ३० टक्क्यांपेक्षा वर बसतं. जुन्या नोकरीतली गोपनीय माहिती किंवा ग्राहकाचं नाव सांगायची गरज नाही, हेही शिकवा. 'एक मोठा ग्राहक' म्हटलेलं आम्हाला चालतं, उलट बरं वाटतं.

अपयशाचा प्रश्न मात्र तुम्ही सगळ्यात जास्त बिघडवून ठेवलाय. 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' हे अपयश नव्हे, आणि ते ऐकून आता हसूही येत नाही. मला खरी चूक हवी असते, आणि त्यानंतरचे दोन-तीन तास. कुणाला आधी सांगितलं? किती वेळाने? सांगण्याआधी झाकायचा मोह झाला का? एका मुलीने मला सांगितलं होतं, "चुकीची फाइल ग्राहकाला गेली हे मला सव्वाचारला कळलं आणि मी पावणेपाचला मॅनेजरला सांगितलं. मधली तीस मिनिटं मी मेल परत घेता येतो का ते बघत बसले. ती वाया गेली. आता आधी सांगते, मग बघते." तिने चूक केली, वर तीस मिनिटं घालवली, आणि या प्रश्नात तिला पाच गुण पडले.

मी हे सगळं शहाणपणाने सांगतेय असं वाटत असेल तर माझंही ऐका. माझ्या पहिल्या मोठ्या मुलाखतीत मी मैत्रिणीचा प्रसंग माझा म्हणून सांगितला होता. निवडसुद्धा झाली. रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी माझ्या वरिष्ठांनी तशाच पेचात मला पुढे केलं, 'तू हे आधी हाताळलंयस ना!' म्हणाले. मी ते हाताळलेलं नव्हतं. पुढे काय झालं ते या पत्रात लिहिण्याइतकं धैर्य माझ्यात अजून आलेलं नाही.

आमच्याकडच्या चुका मला माहीत आहेत. घाईत असलेले, बायोडेटा न वाचता बसणारे, बोलघेवड्याला हुशार समजणारे मुलाखतकार मी पाहिलेत, आणि कधीकधी त्यांत मीही होते. त्यांच्यासाठी निराळं पत्र लिहावं लागेल. पण तेवढ्यावर तुमची फाइल सुटत नाही.

माझी मागणी लहान आहे. पुढच्या तुकडीच्या पहिल्या तासाला ती पन्नास उत्तरांची फाइल कपाटातच राहू द्या. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि कुणाचाही आवाज न होता वीस मिनिटं बसू द्या. ज्याला 'माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही' असं वाटतं, त्याच्या शेजारी जाऊन बसा, त्याच्या बायोडेटातली शेवटची ओळ वाचा आणि विचारा, तिथे काय करायचास. तो गोदामाबद्दल बोलायला लागला तर कृपा करून त्याला थांबवू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पलीकडच्या खुर्चीतली एक